कांदा, बटाटा आणि हिशेबाची वही

दिवा स्थानकातून कल्याणकडे सुटणारी लोकल ज्या मार्गावरून धावते, तो ठाणे-कल्याण मार्ग १ मे १८५४ रोजी सुरू झाला. त्यानंतर सातच वर्षांनी अमेरिकेत यादवी युद्ध पेटले आणि त्याची झळ, किंवा खरे तर ऊब, या रुळांपर्यंत पोहोचली. अमेरिकेच्या दक्षिणेकडील बंदरांची नाकेबंदी झाल्याने मँचेस्टरच्या गिरण्यांना कापूस मिळेना. मग घाटावरून उतरलेल्या कापसाच्या गाठी याच वाटेने मुंबईच्या बंदराकडे जाऊ लागल्या. १८६१ ते १८६५ या चार वर्षांत मुंबईत पैशांचा पाऊस पडला. पुढे तो ओसरला तेव्हा अनेक पेढ्या बुडाल्या, हेही शाळेच्या पुस्तकात असते.

त्या युद्धाचा दुसरा हिशेब मात्र आपल्याकडे फारसा सांगितला जात नाही. दोन्ही बाजूंचे मिळून किमान ६ लाख २० हजार सैनिक त्यात मेले. अलीकडचे संशोधक तो आकडा आणखी वर नेतात. त्यातही दर तिघांपैकी साधारण दोघे गोळीने किंवा तोफेने नव्हे, तर जुलाब, आमांश, विषमज्वर, हिवताप, न्यूमोनिया आणि गोवर यांनी गेले. शेतावरून थेट छावणीत आलेल्या तरुणांना लहानपणी गोवर झालेलाच नसे. हजारो माणसे एका तंबूनगरात राहू लागली, की पहिल्या महिन्यातच साथ येई. शौचाचे चर पिण्याच्या ओढ्याच्या वरच्या अंगाला खणलेले असत. लढाई सुरू होण्याआधीच निम्मी पलटण आडवी झालेली असे.

जखमींची अवस्थाही निराळी नव्हती. त्या काळातली 'मिनिए' नावाची मऊ शिशाची गोळी हाडाचे तुकडे करी आणि अंगावरच्या कपड्याच्या चिंध्या जखमेत घेऊन जाई. हात-पाय कापण्याखेरीज शल्यविशारदांपुढे उपाय नसे. उत्तरेच्या सैन्यातच अशा सुमारे ३० हजार शस्त्रक्रिया झाल्या. ईथर आणि क्लोरोफॉर्म होते, त्यामुळे दारू पाजून माणूस कापत असत ही सिनेमातली कल्पना बहुतांशी खोटी आहे. खरी उणीव दुसरीच होती. जोसेफ लिस्टरचे जंतुनाशक शस्त्रक्रियेवरचे लेख १८६७ मध्ये आले, म्हणजे युद्ध संपल्यावर दोन वर्षांनी. तोवर एकाच स्पंजाने एका रांगेतल्या सगळ्यांच्या जखमा पुसल्या जात.

या सगळ्यात स्त्रियांनी काय केले? पहिल्या काही आठवड्यांत त्यांनी चुकाच केल्या, आणि त्या चुका समजून घेण्यासारख्या आहेत.

एप्रिल १८६१ मध्ये युद्ध सुरू होताच गावोगावच्या बायका चर्चच्या तळघरात, शाळेत, कोणाच्या तरी ओसरीवर जमून शिवायला बसल्या. त्यांनी सर्वांत जास्त शिवले ते 'हॅवलॉक'. मानेवर पडदा सोडलेले टोपीवरचे हे पांढरे आवरण. नाव पडले होते ते भारतातल्या १८५७ च्या लढाईत गाजलेल्या जनरल हेन्री हॅवलॉक यांच्यावरून. लखनऊच्या उन्हासाठीचा हा इलाज अमेरिकन सैनिकांना नकोसा झाला. मानेला वारा लागेना, म्हणून त्यांनी त्याचा उपयोग कॉफी गाळायला आणि भांडी पुसायला केला. दुसरीकडे, घरोघरी मायेने भरलेल्या खोक्यांत मुरंब्याची बरणी फुटून खालचे सगळे सदरे चिकट होत. भाजलेली कोंबडी आगगाडीत चार दिवस पडून सडे. एका पलटणीकडे मोज्यांचे ढीग, तर शेजारच्या पलटणीत अनवाणी माणसे. पुराच्या वेळी आपल्याकडे पाठवलेल्या जुन्या कपड्यांचे ढीग रस्त्याकडेला भिजत पडलेले ज्यांनी पाहिले आहेत, त्यांना हे नवे वाटणार नाही.

या गोंधळातून वाट काढली ती न्यूयॉर्कमधल्या एका डॉक्टरबाईने. एलिझाबेथ ब्लॅकवेल या अमेरिकेत वैद्यकीय पदवी मिळवणाऱ्या पहिल्या स्त्री. १८४९ मध्ये त्यांना ती मिळाली होती. फ्लॉरेन्स नाइटिंगेल यांच्याशी त्यांची जुनी ओळख होती आणि क्रिमियाच्या युद्धात घाणीने किती माणसे मारली हे त्यांना नीट ठाऊक होते. एप्रिलअखेरीस त्यांच्या पुढाकाराने न्यूयॉर्कच्या कूपर इन्स्टिट्यूटमध्ये स्त्रियांची मोठी सभा भरली आणि 'विमेन्स सेंट्रल असोसिएशन ऑफ रिलीफ' ही मध्यवर्ती संस्था उभी राहिली. काय हवे आहे ते आधी सैन्याला विचारायचे, मग शिवायचे, इतका साधा विचार तिच्यामागे होता. निवडक स्त्रियांना बेलव्ह्यू रुग्णालयात महिनाभर शुश्रूषेचे शिक्षण देऊन आघाडीवर पाठवायचे, हे दुसरे काम.

ही संस्था सरकारमान्य व्हावी म्हणून पाद्री हेन्री बेलोज वॉशिंग्टनला गेले. अध्यक्ष लिंकन यांना हा प्रकार गाडीला पाचवे चाक लावण्यासारखा वाटला, असे सांगतात. तरी जून १८६१ मध्ये 'युनायटेड स्टेट्स सॅनिटरी कमिशन'ला मान्यता मिळाली. तिच्या कार्यकारी मंडळावर सगळे पुरुष. सचिव झाले न्यूयॉर्कच्या सेंट्रल पार्कचे रचनाकार फ्रेडरिक लॉ ओम्स्टेड. ब्लॅकवेल यांना मात्र हळूहळू बाजूला सारण्यात आले. बाईने डॉक्टरकी करणे ज्यांना मुळातच मान्य नव्हते, असे शहरातले वैद्य त्यांच्याबरोबर काम करायला तयार नव्हते. ज्यांनी कल्पना मांडली, त्यांनाच दारात थांबवले गेले.

काम थांबले नाही, कारण ते चालवणाऱ्या हजारो बायका होत्या. मध्यवर्ती संस्थेचा पत्रव्यवहार लुइसा ली स्कायलर या तरुणीकडे आला. तेव्हा तिचे वय २३. तिने घालून दिलेली शिस्त आजच्या कोणत्याही मदतकेंद्राला लागू पडावी अशी आहे. एका खोक्यात एकाच प्रकारची वस्तू. खोक्यात यादी, आणि तीच यादी टपालाने वेगळी. प्रत्येक सदऱ्यावर, प्रत्येक चादरीवर कमिशनचा शिक्का, म्हणजे ती वाटेत विकली जाणार नाही. विकली जाते अशी अफवा मात्र उठायचीच. मग गावातल्या बायका पत्र लिहून हिशेब मागत आणि तो द्यावा लागे. अशा सुमारे ७,००० स्थानिक मंडळांचे जाळे युद्ध संपेपर्यंत उभे राहिले आणि त्यांनी पुरवलेल्या सामानाची किंमत अंदाजे दीड कोटी डॉलर होती.

कमिशनचे निरीक्षक छावण्यांत जाऊन चर कुठे खणला, पाणी कुठून येते, स्वयंपाक कोण करतो हे तपासत. डॉ. एलिशा हॅरिस यांनी जखमींसाठी रेल्वेचे डबे तयार करवले. त्यांत स्ट्रेचर रबराच्या कड्यांना टांगलेले असे, म्हणजे मोडलेल्या हाडाला रुळांचा हादरा कमी बसे. लोकलच्या डब्यात दाराशी उभे राहून रोज तो हादरा खाणाऱ्यांना याचे मोल वेगळे सांगायला नको.

पण आरोग्याच्या दृष्टीने या सगळ्यात सर्वांत मोलाची वस्तू कोणती होती, तर कांदा.

सैनिकाचा शिधा म्हणजे खारवलेले डुकराचे मांस, दगडासारखे बिस्कीट आणि कॉफी. भाजी म्हणून सरकार वाळवून दाबलेल्या भाज्यांच्या वड्या देई. वाळवण्यात आणि मग तासभर उकळण्यात त्यातले 'क' जीवनसत्त्व जवळपास नाहीसे होई. परिणामी स्कर्व्ही. हिरड्यांतून रक्त येते, सांधे धरतात, माणूस उदास होतो. आणि जखमी सैनिकाच्या बाबतीत आणखी एक गोष्ट घडते. जखम भरून यायची तर शरीराला कोलॅजेन नावाचे प्रथिन तयार करावे लागते आणि ते 'क' जीवनसत्त्वाशिवाय नीट बनत नाही. म्हणून स्कर्व्ही झालेल्याची ताजी जखम मिटत नाही. इतकेच नव्हे, जुनी भरलेली जखमही पुन्हा उघडू शकते. शस्त्रक्रिया कितीही चांगली झाली तरी रुग्ण हातचा जातो.

'क' जीवनसत्त्व वेगळे काढून ओळखले गेले १९३० च्या सुमारास. १८६३ मध्ये शिकागोच्या मेरी लिव्हरमोर आणि जेन होज यांना त्याचे नावही ठाऊक नव्हते. ताज्या भाजीने स्कर्व्ही हटतो, एवढे मात्र जहाजांवरच्या शंभर वर्षांच्या अनुभवातून माहीत होते. व्हिक्सबर्गला वेढा घालून बसलेल्या जनरल ग्रँट यांच्या सैन्यात स्कर्व्ही पसरत असल्याचे कळताच या दोघींनी वायव्येकडच्या राज्यांत घरोघरी माणसे पाठवली. प्रियकराला प्रेमपत्र पाठवण्यापेक्षा कांदा पाठवा, असे आवाहन मुलींना केले गेले. बटाटे, कांदे, लोणची आणि आंबवलेली कोबी यांची हजारो पिंपे नदीमार्गे दक्षिणेकडे गेली.

आजच्या पोषणशास्त्राने हे गणित तपासता येते. कच्च्या कांद्यात १०० ग्रॅममागे सुमारे ७ मिलिग्रॅम आणि बटाट्यात सुमारे २० मिलिग्रॅम 'क' जीवनसत्त्व असते. आवळा किंवा पेरूच्या तुलनेत हे काहीच नाही. पण स्कर्व्ही टाळायला दिवसाला १० मिलिग्रॅमच्या आसपास पुरते. म्हणजे एक मध्यम बटाटा, उकडताना काही भाग गेला तरी, आणि जोडीला कच्चा कांदा. भाकरीबरोबर कांदा फोडून खाणाऱ्याला ही अक्कल कोणी शिकवावी लागत नाही. शिधा ठरवणाऱ्या सरकारी अधिकाऱ्यांना ती बायकांनी शिकवली.

दुसरी गोष्ट रुग्णालयातल्या जेवणाची. आमांशाने खंगलेल्या माणसालाही तेच खारे मांस आणि तीच काळी कॉफी मिळे. आयोवा राज्यातल्या ॲनी विटनमायर यांना एका रुग्णालयात आपला आजारी भाऊ असाच ताटाकडे पाठ करून पडलेला दिसला होता. त्यांनी १८६४ पासून रुग्णालयांत 'पथ्याची स्वयंपाकघरे' सुरू केली. डॉक्टर प्रत्येक रुग्णासमोर काय द्यायचे ते लिहून देत आणि स्त्रियांच्या देखरेखीखाली तेवढेच शिजे. पातळ सूप, दूध, मऊ शिजवलेला भात. आपल्याकडच्या आजीने पेज आणि ताकावर ठेवले असते, त्याच जातीचा हा विचार. रुग्णालयातला आहार हा उपचाराचा भाग आहे, ही आज रुळलेली गोष्ट तिथे मुदपाकखान्यातून वर आली.

प्रत्यक्ष शुश्रूषेत दोन्ही बाजूंच्या मिळून हजारो स्त्रिया उतरल्या. उत्तरेच्या नोंदींतच २० हजारांहून अधिक नावे सापडतात. त्यांतल्या सगळ्याच परिचारिका नव्हत्या. धोबिणी आणि स्वयंपाकिणीही त्यात आहेत, आणि त्या कामांत काळ्या स्त्रियांचा भरणा मोठा होता. परिचारिकांच्या प्रमुख डोरोथिया डिक्स यांची अट प्रसिद्ध आहे: वय तिशीच्या पुढे, दिसायला साधी, पोशाख तपकिरी किंवा काळा, दागिने नकोत. पगार दिवसाला ४० सेंट. 'लिटल विमेन'ची लेखिका लुइसा मे अल्कॉट हिने जेमतेम सहा आठवडे काम केले आणि विषमज्वराने अंथरूण धरले. तिला दिलेले औषध होते कॅलोमेल, म्हणजे पाऱ्याचे संयुग. ती वाचली, पण तब्येत कायमची ढासळली. त्याच कॅलोमेलवर सैन्याचे सर्जन जनरल विल्यम हॅमंड यांनी १८६३ मध्ये बंदी घातली. हॅमंड यांना त्या पदावर आणण्यासाठी सॅनिटरी कमिशनने जोर लावला होता. पाऱ्यावर विश्वास असलेल्या डॉक्टरांनी एवढा गदारोळ केला, की पुढे त्यांना लष्करी न्यायालयापुढे उभे करून काढून टाकण्यात आले. बंदी योग्य होती हे विज्ञानाने नंतर दाखवले. नोकरी मात्र तेव्हाच गेली.

दक्षिणेकडे मध्यवर्ती संघटना नव्हती आणि नाकेबंदीमुळे औषधेही नव्हती. तरी रिचमंडमध्ये सॅली टॉम्पकिन्स या स्त्रीने एका घरात चालवलेल्या छोट्या रुग्णालयात १,३३३ सैनिक दाखल झाले आणि मेले ७३. त्या काळाच्या मानाने हे प्रमाण फार कमी. घर लहान, गर्दी कमी आणि स्वच्छतेबाबत बाईंचा हट्ट मोठा, एवढेच त्याचे रहस्य. खासगी रुग्णालये बंद करण्याचा हुकूम निघाला तेव्हा तिचे चालू राहावे म्हणून तिला चक्क कॅप्टनचा हुद्दा देण्यात आला. जंतूंची कल्पना नसतानाही अभावातून कधी चांगले घडे. रेशीम मिळत नसल्याने दक्षिणेतले शल्यविशारद घोड्याच्या केसांनी टाके घालत. केस मऊ व्हावेत म्हणून ते उकळत, आणि त्या उकळण्याने टाक्यांत पू कमी होई.

हे युद्ध गुलामगिरीवरून पेटले होते. जोतीराव फुले यांनी १८७३ मध्ये 'गुलामगिरी' हे पुस्तक अमेरिकेतल्या ज्या सदाचारी लोकांना अर्पण केले, ते याच लढ्यासाठी. पण त्या लढ्यातही पंगती वेगळ्या होत्या. गुलामीत जन्मलेली सुझी किंग टेलर काळ्या सैनिकांच्या पलटणीबरोबर राहिली. कपडे धुतले, लिहायला-वाचायला शिकवले, देवीच्या रुग्णांची सेवा केली. पगार म्हणून तिला कधी काही मिळाले नाही. १८९२ मध्ये परिचारिकांना महिना १२ डॉलर निवृत्तिवेतन देणारा कायदा झाला. पण कागदावर 'धोबीण' अशी नोंद असलेल्यांना आपण रुग्णसेवा केली हे सिद्ध करणे कठीणच होते.

पैसा उभा करायची शक्कलही बायकांचीच. लिव्हरमोर आणि होज यांनी ऑक्टोबर १८६३ मध्ये शिकागोत जो आनंदमेळा भरवला, त्यासाठी लिंकन यांनी गुलाममुक्तीच्या जाहीरनाम्याची मूळ हस्तलिखित प्रत दिली. ती ३,००० डॉलरला विकली गेली. २५ हजार डॉलर जमतील अशी आशा होती, त्याच्या कितीतरी पट जमले. याच मेळ्याच्या वेळी एक प्रसंग घडला. मांडवासाठी इमारत बांधायचा करार करताना पैसे या दोघींनी मोजून ठेवले होते, पण ठेकेदार म्हणाला, बायकांच्या सहीला कायद्यात किंमत नाही, नवऱ्यांच्या सह्या आणा. सह्या आणाव्या लागल्या. लिव्हरमोर पुढे स्त्रियांच्या मताधिकारासाठी देशभर व्याख्याने देत फिरल्या, त्याचे बीज त्या कागदात होते.

या साऱ्या धडपडीने किती जीव वाचले, याचा नेमका आकडा कोणी देऊ शकत नाही. आधीच्या मेक्सिको युद्धात (१८४६-४८) लढाईत एक अमेरिकन मेला, तर आजाराने सहा-सात मेले. यादवी युद्धात हे प्रमाण एकास दोनवर आले. त्याचे सगळे श्रेय स्वयंसेविकांना देता येणार नाही. शस्त्रे अधिक मारक झाली होती, आणि जखमींना रणांगणावरून त्वरेने हलवण्याची पद्धत डॉ. जोनाथन लेटरमन यांनी १८६२ मध्ये बसवली होती. शिवाय बायकांचे सगळेच काम उपकारक होते असेही नाही. जुन्या कापडाचे धागे खरवडून जखमेत भरण्यासाठी त्यांनी मणामणांनी कापूस केला. न उकळलेल्या त्या धाग्यांनी किती जखमा चिघळल्या असतील, याचा विचार तेव्हा कोणी करू शकत नव्हते.

युद्धानंतर लुइसा स्कायलरच्या संस्थेने १८७३ मध्ये बेलव्ह्यूत परिचारिकांचे विद्यालय काढले. आणि फिलाडेल्फियात एक जुनी गोष्ट नव्याने उभी राहिली. तिथले स्त्रियांचे वैद्यकीय महाविद्यालय १८५० चे, म्हणजे युद्धाच्या आधीचे. युद्ध सुरू झाल्यावर ते वर्षभर बंद पडले. डॉ. ॲन प्रेस्टन यांनी त्याच १८६१ साली बायकांकडून वर्गणी गोळा करून स्त्रियांसाठी रुग्णालय काढले, कारण इतर रुग्णालये विद्यार्थिनींना आत घेत नसत. पुढच्या वर्षी महाविद्यालय त्याच रुग्णालयाच्या खोल्यांत पुन्हा भरू लागले. बोस्टनमध्येही १८६२ साली, ऐन युद्धात, ब्लॅकवेल यांच्या सहकारी डॉ. मारी झाक्रझेव्स्का यांनी स्त्रिया व मुलांसाठी रुग्णालय सुरू केले. ही रुग्णालये सैनिकांसाठी नव्हती. पण रुग्णालयात बाई दिसणे ही गोष्ट त्या चार वर्षांत लोकांच्या अंगवळणी पडली होती.

युद्ध संपायला नऊ-दहा दिवस उरले असताना, ३१ मार्च १८६५ रोजी, कल्याणच्या जोशी कुटुंबात एक मुलगी जन्मली. नाव यमुना. नवव्या वर्षी लग्न, चौदाव्या वर्षी मूल, आणि दहा दिवसांत ते मूल दगावले. हीच आनंदीबाई जोशी. १८८३ मध्ये ती फिलाडेल्फियाच्या त्याच महाविद्यालयात दाखल झाली आणि ११ मार्च १८८६ रोजी डॉक्टर झाली. त्यानंतर अनुभवासाठी ती गेली ती बोस्टनच्या त्याच रुग्णालयात. कोल्हापूरच्या आल्बर्ट एडवर्ड रुग्णालयात स्त्रियांच्या कक्षाची जबाबदारी तिची वाट पाहत होती. पण क्षयाने ती पोखरली गेली होती. २६ फेब्रुवारी १८८७ रोजी पुण्यात तिचे निधन झाले, तेव्हा वयाची बावीस वर्षेही पूर्ण झाली नव्हती. अमेरिकेत तिला लेकीसारखे सांभाळणाऱ्या थिओडोशिया कार्पेंटर यांच्याकडे तिची रक्षा पाठवण्यात आली. न्यूयॉर्क राज्यातल्या पोकिप्सी गावच्या दफनभूमीत, कार्पेंटर कुटुंबाच्या जागेत, ती आजही आहे.